बारदानात शिवलेल्या बॅगा

नाना, ओसरीत चार बॅगा पडल्या आहेत, तीन बारदानात शिवलेल्या आणि एक फाडलेली, आणि मला त्यांच्याकडे बघितलं की शिसारी येते. तुम्हाला जाऊन आता चाळीस वर्षं होत आली. सातवीनंतर मी शाळा सोडली तेव्हा तुम्ही म्हणाला होता, निदान चिठ्ठी लिहिता येईल इतकं तरी टिकवून ठेव. पुढे कचेरीत शिपाई म्हणून नोकरी केली, साहेबांच्या फायली इकडून तिकडे नेल्या, पण स्वतःची चिठ्ठी लिहायची वेळ फारशी आली नाही. आज लिहितो आहे, कारण घरात बोलायला कुणी नाही आणि ह्या बॅगा ओलांडल्याशिवाय मोरीपर्यंतही जाता येत नाही.

तुमची सून, माझी बायको, ह्या घडीला समुद्रात आहे. मुंबईहून थंडीच्या दिवसांत मोठी जहाजं निघतात, आत लिफ्ट, दुकानं, नाचगाणी, सगळं असतं म्हणे. चार रात्री फिरवतात आणि पुन्हा मुंबईलाच आणून सोडतात. कुठे पोचायचं नाही, कुणाच्या लग्नाला जायचं नाही, नुसतं जायचं आणि यायचं. तुमचा नातू, माझा मुलगा, जळगावला नोकरीला आहे, त्याने चौघांची तिकिटं काढली. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं आहे आणि त्याआधी तिची एवढी एकच इच्छा होती. ती शिंदखेड्याची, तुम्हाला माहीत आहे. टीव्हीवर समुद्र दिसला की म्हणायची, "तापीना पूर सोडा, मी दुसरं मोठं पानी पाह्यं नही. एकदाव माले समुद्रमा जावानं शे." मला पाण्याची भीती वाटते. तिला वाटत नाही. तिला कशाचीच वाटत नाही, म्हणून तिची सगळी भीती मला वाटावी लागते.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी नातू आणि नातसून जळगावहून धुळ्याला आले, आणि रिक्षातून त्या बॅगा उतरल्या. एकेक बॅग लहान कपाटाएवढी. चार रात्रींसाठी! मी विचारलं, आत आहे तरी काय? तर एका रात्री सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे, एका रात्री काळे, पोहायचे वेगळे, जेवायला जायचे वेगळे. बुटांचे सात जोड. केस वाळवायचं यंत्र, इस्त्री. तुमच्या सुनेनेही मागे राहायचं नाही असं ठरवलेलं, तिने ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या, शेव, लसणाची चटणी, लोणच्याची बरणी, भाकरीसाठी कळण्याचं पीठ, हे सगळं एका बॅगेत कोंबलं. मी म्हटलं, तिथे दिवसातून पाच वेळा खायला देतात. ती म्हणाली, "त्यास्नं त्यास्ले लखलाभ." नव्या बॅगांना रबराचा आणि रंगाचा वास येत होता, त्यात लसणाचा वास मिसळला, आणि घरभर असा दर्प सुटला की मी अंगणात जाऊन बसलो. तुम्ही धुळ्याच्या स्टँडवर एसटीच्या टपावर ओझी चढवलीत, तीसएक वर्षं. माणसं तेव्हाही सामान नेत, पण ते कुणासाठी तरी असे. मुलीच्या घरी डाळ, भावाकडे गूळ. हे सगळं स्वतःच अंगावर घालायचं आणि परत आणायचं. मला वीट आला.

तरी पण ओझं म्हटलं की माझे हात स्वस्थ बसत नाहीत, हा तुमचाच दोष. भाड्याची गाडी ठरवली होती, तिच्या टपाला कॅरियर होतं, बॅगा तिथे जाणार होत्या. मुंबई-आग्रा रस्ता, पुढे-मागे ट्रक, धूळ, डिझेलचा धूर. मला काळजी लागली. मुलगा आणि नातसून बाजारात गेले तेव्हा मी माळ्यावरून बारदान काढलं, तुमचं दाभण काढलं, सुतळी आणली आणि चारही बॅगा शिवून टाकल्या. तुम्ही लांबच्या प्रवाशांची बोचकी शिवत होता तशाच, चारी बाजूंनी, टाक्याला टाका लावून. संध्याकाळपर्यंत मांडी घालून बसलो, बोटं फाटली, पण मनातून खूश होतो. शेवटच्या बॅगेच्या वेळी तुमच्या सुनेने बीपीच्या गोळ्यांची डबी आणून दिली. म्हणाली, वरच ठेवा. मी वरच ठेवली, आणि वरून शिवून टाकली. ह्याला काय म्हणावं? इतक्या वर्षांत मी तिच्या गोळ्यांची एक वेळ चुकू दिलेली नाही. एकदा ती माहेरी असताना दोन दिवस चुकल्या होत्या, तेव्हा ती चुलीपुढे कोसळली होती.

नातसून बाजारातून आली आणि बघतच राहिली. तिने हळूच विचारलं, "आबा, चाकं?"

मी म्हटलं, "चाकं कशाला? गाडी आहे ना."

ती हसली. मुलगा म्हणाला, "राहू दे गं, तिथे ट्रॉली मिळेल." विषय संपला.

उजाडायच्या आत निघालो. नाना, त्या प्रवासाचं काय सांगू? दर तासाला मला गाडी थांबवावी लागत होती. अर्ध्या वेळा लघवीसाठी, अर्ध्या वेळा दोर बघण्यासाठी. टपावर काही सरकल्यासारखा आवाज आला की मी ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारी. मी उतरायचो, दोर ओढून बघायचो, चढायचो. मुलगा म्हणाला, "आबा, असं करू, तुम्हालाच टपावर बसवू, तिथून बरं लक्ष राहील." ड्रायव्हर गालात हसला. ढाब्यांच्या मागच्या संडासांचं वर्णन इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो की तुमची सून, जी कधी कशाला नाक मुरडत नाही, ती पदर नाकाला लावून बाहेर आली आणि नंतर तिने चहा घेतला नाही. कसारा घाटात दोन ट्रक बंद पडले होते, तिथे दीड तास गेला. मुलगा सारखा मोबाइलमध्ये वेळ बघत होता. चार वाजता त्यांचं काउंटर बंद होतं, मग कुणी कितीही मोठा असो, आत घेत नाहीत. मी जर पाच वेळा गाडी थांबवली नसती तर घाट आधीच उतरून गेलो असतो. हे गाडीत सगळ्यांना माहीत होतं.

बंदराच्या फाटकाशी सव्वातीनला पोचलो. पुढे गाडीला मज्जाव. ड्रायव्हरने टपावरच्या बॅगा रस्त्यावर ठेवल्या, गाडी पार्किंगला नेली, आणि मग आम्हाला समोरचा रस्ता दिसला. लांबच लांब, सरळ, आणि त्यावर शेकडो माणसं आपापल्या बॅगा एका बोटाने ढकलत चाललेली. सगळ्यांच्या बॅगा तशाच, कपाटाएवढ्या. कुणी बॅगेवर बसून वडापाव खात होतं, कुणी बॅगेवर मूल बसवून नेत होतं, एकाने कोपऱ्यात गुटख्याची पिचकारी टाकली आणि त्याच तोंडाने फोटो काढून घेतला. ट्रॉली एकही शिल्लक नव्हती. आणि आमच्या बॅगांची चाकं आत, बारदानात. मुलाने एक बॅग उचलली, दहा पावलं चालला, खाली ठेवली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी एक बॅग डोक्यावर घेतली. पासष्ट ओलांडलेला माणूस, मान लटपटत होती, तरी घेतली. नातसून आणि मुलगा मिळून एकेक बॅग पुढे नेऊन ठेवायचे, परत यायचे, दुसरी न्यायचे. तुमची सून काठी टेकत मध्ये चालत होती, खांद्याला एक कापडी पिशवी, तिच्यात शाल आणि एक साडी. तिची नजर समोर, जहाजावर. इमारतीवरून ते डोकावत होतं, पांढरं, दहा मजली. ती आपलं सगळं गाव त्यात बसवून बघत होती, म्हणाली, "हाई तं बठ्ठं शिंदखेडं मावी यामा."

आतल्या दाराशी गणवेशातला पहारेकरी होता. त्याने बॅगांभोवती एक चक्कर मारली. "बाबा, हे प्रवाशांचं सामान आहे की गोदीतला माल?" रांगेतले लोक हसले. मग तो सरळ बोलला. बॅगेच्या हँडलला पट्टी लावावी लागते, हँडल दिसलं पाहिजे, आणि सांगितलं तर बॅग उघडून दाखवावी लागते. बारदान काढा, मग आत या. पावणेचार वाजले होते.

मी खाली बसलो आणि सुतळीचं टोक ओढलं. सुटलं नाही. दुसरं टोक ओढलं. सुटलं नाही. कुणाकडे सुरी नाही, कात्री नाही, अशा ठिकाणी असल्या वस्तू कोण घेऊन येतो? आणि तिथे, त्या चकचकीत फरशीवर बसलेलो असताना, मी धुळ्याच्या स्टँडवर उभा आहे. बारा-तेरा वर्षांचा. साक्रीकडची एक बाई तुमच्यासमोर उभी आहे, कडेवर पोर. आठ दिवसांपूर्वी तिचं बोचकं मी शिवलं होतं, पहिल्यांदाच एकट्याने. ती सांगते आहे की सुरतेला पोचल्यावर पोराचे कपडे आत आणि बोचकं काही केल्या उघडेना, पोराला ओल्या दुपट्यात ठेवावं लागलं. तुम्ही सगळ्या हमालांदेखत माझ्या थोबाडीत मारता. मग बारदानाचा एक तुकडा घेऊन खाली बसता आणि मला दाखवता. टाका असा घालायचा की एक टोक कोपऱ्यात मोकळं राहील, ते ओढलं की सगळी शिवण सरसर उसवत जाईल. "सोडनारले एक हिसकामा सुटाले पाहिजे," तुम्ही म्हणता, "तू काय तिनासंगे सुरतले जाशी का?" मला ते समजलं होतं नाना. हातालाही आलं होतं. पण तुमच्यामागे मी जे काही बांधलं त्याला दोन्ही टोकांना दुहेरी गाठ मारली. उगाच आपोआप सुटलं तर, म्हणून.

मुलगा म्हणाला, "बॅगा मरू देत. इथेच टाकू. आईच्या गोळ्या कुठे आहेत?"

मी लसणाच्या वासाच्या बॅगेकडे बोट दाखवलं. "ह्यात. वर."

"वर म्हणजे?"

"आत. वर."

तो कपाळाला हात लावून उभा राहिला. नातसून म्हणाली, जहाजावर डॉक्टर असतो, तो देईल. तुमच्या सुनेने मान हलवली. "तो कोनत्या दी, काय दी. माले मन्याच गोया पाहिजे. तुम्ही सोडा, मी उभी शे." तिचा आवाज शांत होता, पण काठीवरची बोटं पांढरी पडली होती. आतून कुणीतरी ओरडलं, शेवटची दहा मिनिटं.

मी दातांनी सुतळी तोडली. वर उरलेले चार आणि खालचे, जेवढे आहेत त्यांनी. तोंडात धागे, धूळ, कुठल्या तरी जुन्या धान्याचा कुबट वास, थुंकी फरशीवर गळते आहे, लोक वळून बघत आहेत, एक पोरगी मोबाइल धरून उभी आहे. इतकी किळस मला कधी कुणाची आली नव्हती, जेवढी त्या वेळी स्वतःची आली. टाका तुटला, बारदान फाडलं, चेन उघडली, डबी काढून तिच्या हातात दिली. मुलगा म्हणाला, आता चला, चौघंही चला, बॅगा राहू देत. मी म्हटलं, हमालाचा पोरगा सामान रस्त्यावर टाकून जात नाही, तुम्ही जा, गाडी परत धुळ्यालाच जायची आहे, मी नेतो. तो वाद घालायला लागला तेवढ्यात ती दारातून आत शिरलीसुद्धा. मागे वळली नाही. तिघं त्या दारातून गेले, नेसत्या कपड्यांनिशी, आणि पहारेकऱ्याने दोरी लावली.

काल संध्याकाळी ती कुठल्याशा किनाऱ्याजवळ असताना फोन लागला. म्हणाली, अंगावर एक साडी आणि पिशवीत एक, रोज एक धुते आणि बाथरूममध्ये वाळत घालते, काही अडलं नाही. पांढऱ्या कपड्यांच्या रात्री ती हिरव्या लुगड्यातच जाऊन बसली आणि कुणी काही बोललं नाही. गोळ्या वेळेवर घेते. मग म्हणाली, "तुम्ही येवाले पाहिजे व्हतात." मागे वाऱ्याचा आवाज होता, फोन तुटला.

परवा सकाळी मुलगा तिला घेऊन येईल. त्याआधी हे कागद बंबात घालीन, तिच्या हाती लागायला नकोत. कारण एक गोष्ट राहिली आहे, ती मी तिला सांगितली नाही आणि सांगणारही नाही. बारदान फाडून मी बॅगेत हात घातला ना, तेव्हा डबी लगेच हाताला लागली होती. वरच होती. ती मुठीत धरली, तरी मी हात बाहेर काढला नाही. बिबड्यांच्या पिशव्या इकडच्या तिकडे करत राहिलो, "सापडत नाही" असं तोंडानेही म्हणालो, आणि भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायची वाट बघत होतो. किती वेळ ते नेमकं सांगता येत नाही, नाना. पण तिच्या हातात दिली तेव्हा डबी गरम झालेली होती.