बुढ्याचा हट्ट

मंगळवार, दिवेलागण

लिही पोरी, मी बोलली तसंच लिही. काही सुधरवू नको.

आमचा बुढा बोरगावात नळाचे व्हॉल्व सोडायचा. रिटायर व्हायच्या आधी साहेबांनी त्याले विचारून विचारून सारी माहिती कॉम्प्युटरात भरली. आता बुढा नाई. कोणत्या गल्लीले कधी पाणी सोडायचं, ते कॉम्प्युटर सांगते. बुढ्यानं सांगितलं तसंच. आमची गल्ली शेवटी.

आज हापिसातली नवी मॅडम घरी आली. "आजी, तुमचीच गल्ली शेवटी का? इथं चढ आहे?"

"चढ कायचा बाई! व्हॉल्ववाल्याच्या घरी पयले पाणी आलं तर लोक नावं ठेवतील, म्हणून. जन्मभर याच्यावरूनच आमचं भांडण."

ती हसली. उद्यापासून बदलते म्हणाली.

सांगाले नको होतं का? पण शेजारची सुमन पोटुशी आहे, भर उन्हात पाण्यानं भरलेले गुंड उचलते. सांगणं भागच होतं.

बुढ्याचा फोटो आहे, चपला आहेत. पण त्याचा हट्ट तेवढा त्या मशीनीत जिता होता. पाण्याले उशीर झाला की रोज माझ्या तोंडून त्याले शिवी निघे.

उद्या पाणी लवकर येईन. मंग त्याच्याशी भांडू कायच्यावरून?