वार्मोंदेलची शेवटची काउंटेस

वार्मोंदेल,
१९ ऑक्टोबर १९१७

प्रिय क्लोतिल्दताई,

तुमच्या मठात थंडी पडू लागली असेल. लोकरीचे मोजे पाठवले आहेत. इथे सफरचंदं उतरवून झाली. गडी सगळे आघाडीवर, त्यामुळे यंदा रस आम्ही बायकांनीच गाळला. बाबांचा खोकला कमी आहे.

दर पत्रात तुम्ही बाळाचं विचारता, आणि मी सफरचंदांचं लिहिते.

गास्पार लढाईत मारले गेले तेव्हा मी गरोदर होते. मुलगा झाला तर काउंटपद राहणार, नाहीतर बाबांबरोबर संपणार. मुलगी झाली एवढंच तुम्हाला कळवलं होतं. त्या दिवशी पाद्रीबाबा माझ्या कानात म्हणाले, "म्हाताऱ्याला दिसत नाही. मुलगा म्हणून सांगू या का?"

मी नाही म्हटलं. बाळ बाबांच्या हातात दिलं. "मुलगी आहे, बाबा."

त्यांनी तिला जवळ घेतलं. मग तिचा चेहरा चाचपून म्हणाले, "नाक आमचंच घेतलंय. बिचारी!"

तेव्हापासून ओदिल त्यांच्याच मांडीवर. घराण्यातल्या एकेका काउंटची गोष्ट तिला सांगायचे. राजपुत्राला नदीतून ओढून काढणारा पहिला. मग गिलोटिनखाली गेलेला. "आणि त्याचा पोरगा लंडनला पळाला. तिथे पोरींना नाच शिकवून पोट भरायचा. कुठे बोलू नकोस हं!" ती खिदळायची.

ताई, सप्टेंबरात तिला घटसर्प झाला. इथले डॉक्टर सैन्यात. शेजारच्या गावचे येईपर्यंत सगळं संपलं होतं.

प्रार्थनाघरात पूर्वजांच्या थडग्यांच्या ओळीत गास्पारसाठी जागा राखली होती. त्यांचा देह काही सापडला नाही. बाबांनी ओदिलला तिथे ठेवलं. पाथरवट पेर्नोला म्हणाले, "कोर. ओदिल, वार्मोंदेलची काउंटेस."

पेर्नो चाचरला. "मालक, पद मुलीकडे जात नाही ना? शिवाय तुम्ही आहातच की."

"मी सोडलं. तक्रार करायला उरलंय कोण? कोर."

काल पेर्नो कामाचं विचारायला आला आणि सवयीनं 'काउंटसाहेब' म्हणाला. बाबा शांतपणे म्हणाले, "काउंटेस गेली रे. मी नुसता तिचा आजोबा."

मठानं परवानगी दिली तर एकदा येऊन जा. ते म्हणणार नाहीत, मी म्हणते. मला एकटीला हे घर पेलत नाही.

तुमची भावजय,
ओदिलची आई,
मातिल्द