लाल काठ्या आणि रेनडिअर

१४ सप्टेंबर
आई-बाबा स्पेनला गेले, थेट ख्रिसमसला परत. अख्खं घर माझं! बाबांची अट एकच: ते येतील तेव्हा घर गरम हवं आणि मी त्याच घरात हवा. नाहीतर वरचा मजला चुलतभाऊ ओस्मुंडला. तो ओस्मुंड, ज्याचे मोजेसुद्धा इस्त्रीचे असतात!
कामं दोनच. स्टोव्हची लाकडं भिंतीलगत रचायची. आणि जमीन गोठायच्या आत रस्त्याच्या कडेला लाल काठ्या रोवायच्या, म्हणजे बर्फ ढकलणाऱ्या गाडीला रस्ता कुठे संपतो ते कळतं. एका वीकेंडचं काम.

२८ सप्टेंबर
भिंतीलगत कोण बघणार? माझं व्हिजन वेगळंय. थप्पी अंगणाच्या पुढच्या टोकाला, रस्त्याला लागून. पांढरी लाकडं, काळी लाकडं, आणि मधोमध त्यातूनच रेनडिअरचं चित्र. अख्ख्या नॉर्वेत अशी थप्पी नसेल.
शेजारच्या गुडवेग काकू म्हणाल्या, बकरी छान जमलीये हो. वय झालंय त्यांचं.

१२ ऑक्टोबर
शिंगं पूर्ण. फोटो टाकला. लाइक्स थांबतच नाहीयेत.
काकू म्हणाल्या, बाळा, बकरीला शिंगं फुटली, आता काठ्यांचं बघ, थंडी वाढतीये. म्हटलं, उद्या नक्की.

१३ ऑक्टोबर
पाऊस. ओल्या जमिनीत काठ्या रोवू नयेत, असं माझं मत आहे.

२७ ऑक्टोबर, सकाळ
रस्त्याची कडा दगड झालीये. एक काठी मोडली. दुसरी वाकली. तिसरीने मला पाडलं.

दुपार
आयडिया! आईचा गुलाबांचा वाफा. घराला चिकटून, माती अजून मऊ. सगळ्या काठ्या तिथेच रोवल्या, दोरी लावून, एका रेषेत. शेवटी काठी म्हणजे नुसती खूण. बर्फाच्या गाडीवाल्या टोर्गेरला डोळे आहेत की.
काकूंनी विचारलं, टोर्गेरला गाडीसकट कॉफीला बोलावलंयस का रे?
या हल्ली फारच जोक करतात.

४ नोव्हेंबर
बर्फ! पहाटे टोर्गेरच्या गाडीचा आवाज. आज फारच जवळून आला. कर्तव्यदक्ष माणूस.

नऊ वाजता
पडदा उघडला. माझ्या खिडकीखाली छान रुंद रस्ता. थप्पी नाही. थप्पी उताराखाली ओढ्यात.

दुपार
टोर्गेरला फोन करून झापलं. तो म्हणाला, अरे राजा, बर्फ पडत असताना मला स्वतःचं नाक दिसत नाही. मी काठ्या बघतो, काठीपर्यंत रस्ता. मध्ये काहीतरी कडाकडा वाजलं खरं. ती तुझी बकरी होती का?
गावात कोण पसरवतंय हे?

संध्याकाळ
ओढ्यातून एक शिंग मिळालं. स्टोव्हमध्ये घातलं. नुसता धूर.

६ नोव्हेंबर
नळ गोठले. काकूंकडे शिफ्ट झालो. तात्पुरता.
ओस्मुंड ट्रेलरभर सुकी लाकडं घेऊन आला आणि सरळ आमच्या घरात शिरला. किल्ली कुठे असते ते बाबांनीच सांगितलं म्हणे. आता आमच्या धुराड्यातून छान धूर येतोय.
मग बाबांचा फोन. अजिबात रागावले नाहीत. एवढंच विचारलं, काठ्या सरळ आहेत ना?
म्हटलं, एकदम सरळ. एकही हललेली नाही. काकूंच्या सोफ्यावरून स्पष्ट दिसतात. ओस्मुंडच्या खिडकीखाली.