नेटवर नाव

१ सप्टेंबर १९९८, मंगळवार
आजपासून रोजनिशी. कारण: बंगलोरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात बातमी आहे की दसऱ्यापर्यंत सहा जणांना घरी पाठवणार. पंपाच्या शाफ्टच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्यात. यादी योगीराज साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे म्हणे. फोरमन कल्लाप्पा म्हणाला, तुम्ही कशाला भिताय ओ अरविंद अण्णा, तुम्ही क्वालिटीचे. म्हटलं, मी भीत नाही.

२ सप्टेंबर
साहेब आज गुड मॉर्निंग म्हणाले नाहीत. काल म्हणाले होते.

४ सप्टेंबर, शुक्रवार
पेपरात लेख होता. नोकऱ्या आता जाहिरातींतून मिळत नाहीत, ओळखींतून मिळतात, आणि ओळखी होतात नेटवर. त्याला नेटवर्किंग म्हणतात. बंगलोरमधल्या मराठी इंजिनिअरांची एक वेबसाइट आहे. नाव, हुद्दा, ई-मेल भरला की आपण यादीत. मग यादीतल्या कुणालाही निरोप पाठवता येतो. ड्रॉवरमधल्या यादीत नाव लागायच्या आत या यादीत लागलं पाहिजे.
निश्चय: रोज तीन ओळखी.

५ सप्टेंबर, शनिवार, सायं. ७
बसवनगुडीत आमच्या घराजवळच सायबर कॅफे निघालाय. नाव भरलं. 'क्वालिटी इन्स्पेक्टर' फार किरकोळ दिसायला लागलं, म्हणून 'हेड, क्वालिटी' लिहिलं. खोटं नाही. खात्यात मी एकटाच आहे.
कॅफेवाला म्हणाला, सार, स्वतःचा ई-मेल काढा, फुकट मिळतो. फुकटच्या पत्त्याला वजन काय? कंपनीचा दिला. कंपनीत एकच आहे आणि तोच माझ्या व्हिजिटिंग कार्डावर छापलाय. ऑफिसातल्या भाग्यलक्ष्मी अक्का प्रिंट काढतील आणि माझ्या टेबलावर ठेवतील.
बायको स्मिता म्हणाली, अहो, साहेबांच्या हातात पडलं तर? तिला सिस्टिम माहीत नाही. सिस्टिम मी बसवली आहे. आयएसओ सर्टिफिकेटच्या वेळी कार्यपद्धती मीच लिहिली: बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी आवक नोंदवहीत, मग साहेबांची सही, मगच ज्याचा त्याला. ऑडिटरने माझ्याशी हात मिळवला होता. पण तो नियम कागदांना. ई-मेल हा कागद नाही.

९ सप्टेंबर
बारा ओळखी झाल्या. लेखात बजावलंय, नोकरी कधीही मागू नये. आपण देणाऱ्यातले वाटलो पाहिजे. म्हणून सगळ्यांना एकच मजकूर: 'आमच्याकडे लवकरच मोठे बदल होत आहेत. आपल्या अनुभवाविषयी सविस्तर कळवावे.' वाचून मलाच माझा आदर वाटला.

११ सप्टेंबर
उत्तर नाही. अक्कांच्या टेबलापाशी तीनदा जाऊन आलो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, एनु बेकु सार, काय हवंय? स्टेपलर म्हटलं. घेऊन आलो.

१४ सप्टेंबर, सोमवार
साहेबांनी बोलावलं. त्यांनी एवढंच विचारलं की इथे किती वर्षं झाली. नऊ, म्हटलं. गुड, म्हणाले. गुड कशाबद्दल? नऊ झाली म्हणून, की पुरे झाली म्हणून? बाहेर येऊन दोन ग्लास पाणी प्यायलो. कल्लाप्पाला विचारलं, तुला बोलावलं का? नाही म्हणाला. मग तिसरा ग्लास.

१७ सप्टेंबर
उत्तर नाही. माझ्याकडे आता तीन स्टेपलर आहेत.

१९ सप्टेंबर, शनिवार
साहेब जिन्यात भेटले. विचारलं, तुमच्या हाताखाली माणसं किती? एकही नाही, सर. ते हसले. सर्टिफिकेट मिळालं त्या दिवसानंतर पहिल्यांदा. याचे दोन अर्थ होतात. एक, मला असिस्टंट देणार. दुसरा लिहीत नाही.

२२ सप्टेंबर
कल्लाप्पा काल सरळ केबिनमध्ये गेला आणि साहेबांना म्हणाला, दोन मुली कॉलेजात आहेत, स्वल्प सांभाळून घ्या. इतकं उघडउघड! या माणसाला नेटवर्किंगची काही समज नाही.

२५ सप्टेंबर
सत्तावीस ओळखी, उत्तरं शून्य. बंगलोरचे मराठी लोक आढ्यतेखोर आहेत. साहेबांची गाडी फाटकातून आत आली की माझ्या कानात वाफेची शिट्टी वाजते. स्मिता म्हणते, तुम्हीपण कल्लाप्पासारखं जाऊन बोला ना. माणसाने भीती दाखवू नये. हुद्दा बदलून 'जनरल मॅनेजर' करावा का?

३० सप्टेंबर, बुधवार, आयुधपूजा
यंत्रांना झेंडूच्या माळा. फाटकात कुंकू घातलेला कोहळा फोडला. साहेब एकेकाला आत बोलावून मिठाईचा बॉक्स देत होते. मला शेवटी बोलावलं.
टेबलावर मिठाई आणि एक फाईल. फाईलमध्ये एकोणीस प्रिंट. प्रत्येकावर आवक क्रमांक, तारखेचा शिक्का, साहेबांची सही. काहीही गहाळ नाही. अक्कांनी कार्यपद्धती अक्षरशः पाळली होती. फक्त सहीनंतर साहेबांनी कागद ठेवून घेतले होते.
एकोणीसही जणांना नोकरी हवी होती. माझ्याकडून. 'आदरणीय हेड साहेब' अशी सुरुवात.
साहेब रागावले नाहीत, तेच फार वाईट. म्हणाले, अरविंद, यादीत तुमचं नाव नव्हतं. सहाच नावं होती, त्यात कल्लाप्पा होता. पण नेटवर नाव लावून तुम्ही निघालाच आहात, तर मी तुम्हाला का अडवू? कल्लाप्पा राहतोय. आणि तुम्हीच मागवलेल्यातला एक मला पसंत पडला. मूळ पुण्याचा आहे, तुमच्या निम्म्या पगारात येतो. ऑक्टोबरअखेर त्याला सगळं शिकवून द्या.
मी काय म्हणालो? थँक यू, सर म्हणालो. जाताना स्टेपलर परत करायची आठवण त्यांनीच करून दिली.

१ ऑक्टोबर, दसरा
स्मिताने विचारलं, मिठाई यंदा मोठ्या बॉक्समधून कशी? म्हटलं, माझ्यावर साहेबांची मर्जी आहे. तिने बॉक्स देवापुढे ठेवला.

५ ऑक्टोबर, सोमवार
सुशांत रुजू झाला. चुणचुणीत आहे. आल्याआल्या वाकून नमस्कार केला. म्हणाला, सर, आठ महिने घरी होतो, तुमच्या एका निरोपाने आयुष्य मार्गी लागलं. म्हणजे लेखात लिहिलं होतं ते खरं आहे. नेटवर्किंगने नोकरी लागते.
पहिल्या दिवशी त्याला आवक कागदांची कार्यपद्धती शिकवली. एकदा सांगून त्याला कळली.
स्मिताला अजून सांगितलेलं नाही. उद्या नक्की.