दीड घटकेचा फरक

३ सप्टेंबर १९९५, रविवार

कॉम्प्युटर! आपल्या घरात! यज्ञेशने आज जेवताना विषय काढला. तोही पानात दुसरा भात वाढून झाल्यावर — म्हणजे बापाने उठून जाऊ नये. बँकेत लागल्यापासून पोरगा बरंच शिकलाय.

म्हणणं असं, की पुढल्या वर्षीचं पंचांग मशिनवर काढायचं. प्रोग्राम त्याने स्वतःच बसून लिहिलाय म्हणे. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, डाव्यात सुरुवात. आकडे लागत नाहीत हे खरंच आहे. पण रामघाटावरचं हे पंचांग आमच्या पणजोबांपासून हाताने गणित करून निघतंय. काशीतली मराठी घरं अजून श्राद्धाची तिथी यातच बघतात. आणि माझ्यानंतर हे गणित येतं एकट्या यज्ञेशला. त्याने अंग काढून घेतलं की संपलं! म्हणून 'नाही' म्हणवलं नाही. 'बघू' म्हणालो.

"अहो, बघू म्हणजे हो म्हणा की," — पद्मा. बायको नक्की कोणाच्या बाजूची आहे, हे तपासायला पाहिजे.

५ सप्टेंबर

सिगऱ्याला गेलो, चौरसियाच्या दुकानात. हा सुटे भाग आणून मशीन जोडून देतो. तोंडात सदा पान. अर्धं बोलणं कळत नाही. मला वाटतं पान तो त्यासाठीच खातो.

"पंडितजी, चार सौ छियासी लीजिए, आँख मूँद के!" डोळे मिटून! मोतीबिंदूच्या माणसाला सांगतोय!

त्या नंबरच्या दोन चिपा पुढ्यात ठेवल्या. एक स्वस्त, एक महाग, दिसायला जुळ्या बहिणी. महागडीच्या पोटात गणिताचा वेगळा भाग असतो, स्वस्तवालीत नसतो. मग गणित न येणारी ती दुसरी करते काय? "चिट्ठी टाइप करिए, खाता रखिए।" यज्ञेश म्हणाला, "नाना, आपल्याला गणितवालीच पाहिजे, बहस नको." ठीक. त्याहून महाग अशी एक नवी चिप निघालीय, पण ती भागाकारात चुकते असं गेल्या हिवाळ्यात पेपरात होतं. भागाकारात चुकणारी चिप आणि पंचांग! ती नकोच.

माझ्या खिशात भिंग होतं. चिपेवरची अक्षरं पाहिली. जराशी फिकी वाटली. ऐकून आहे मी — बाजारात जुन्या चिपांची अक्षरं घासून वर नवी छापतात. चौरसियाला तसं तोंडावर विचारलं. तो हसला. हसण्यासारखं मी काही बोललो नव्हतो.

८ सप्टेंबर

दिवसभर त्या भागांवरून वाद.

पडदा रंगीत म्हणे. कशाला? एकादशी काय गुलाबी दिसायची आहे? काळा-पांढरा ठरला. मेमरी चार घ्यायची की आठ? चौरसिया आठ म्हणतो, त्याला विकायचीय. यज्ञेशही आठच म्हणतो. याला काय विकायचंय? कमिशनची भानगड तर नाही ना, असं मनात आलं. आपल्या पोराबद्दल असं येऊ नये, पण आलं.

खरी ठिणगी पडली ती स्टॅबिलायझरवरून. आमच्या गल्लीतली वीज अशी, की संध्याकाळी बल्ब नुसता लाल होतो, उजेड देत नाही. मी म्हटलं, चांगला दणकट मोठा स्टॅबिलायझर घे. तर नको! "जड होतो, नाना. हलवायला झंझट."

हलवतोय कोण? देवघराच्या शेजारच्या खोलीत ठेवायचंय. रोज काय गंगेवर आंघोळीला न्यायचंय त्याला?

शेवटी लहानसाच घेतला. माझं ऐकतं कोण!

१० सप्टेंबर

मुक्ताच्या भावाचा पुण्याहून ट्रंककॉल. सूनबाईंचं माहेर पुण्याचं, भावाचा तिथे छापखाना आहे. यज्ञेश फोनवर नुसता "हो", "हो", "बघतो". मी खोलीत गेलो तर "ठेवतो मग" म्हणून ठेवलाच. हा मेहुणा मशिनचे भाग पुण्याहून गळ्यात मारायला बघतोय की काय!

१२ सप्टेंबर

कमाल झाली! भर पितृपक्षात यज्ञेश प्रिंटरसकट सगळा माल घेऊन घरी! सायकलरिक्षा चौकापर्यंत, तिथून खोकी डोक्यावर. पितृपक्षात नवी वस्तू घरात आणायची नाही, हे पंचांगकर्त्याच्या घरात सांगावं लागतं? भडकलोच मी.

तर म्हणतो कसा, "नाना, वस्तू आहे कुठे? हे नुसते सुटे भाग. वस्तू होईल ती जोडल्यावर. जोडू घटस्थापनेला."

असल्या पळवाटा यजमानांना आजवर मीच काढून देत आलोय. पद्मा पदर तोंडाला लावून आत गेली.

१५ सप्टेंबर

खोकी फेकू देत नाही. आतलं थर्मोकोलसुद्धा नाही! दोरीने बांधून माळ्यावर ठेवलंय. माल परत विकायचा विचार दिसतो.

२१ सप्टेंबर, गुरुवार

गणपती दूध पितोय म्हणे! सबंध काशी वाट्या घेऊन रस्त्यावर. पद्मा दोनदा जाऊन आली. मी गेलो नाही. दगड ओला झाला की दूध खाली कुठून जातं, एवढंच एकाला विचारलं, तर मारायला उठला.

चौरसियाही गेला होता म्हणे. असल्या माणसाने आपलं मशीन जोडायचं!

२५ सप्टेंबर, घटस्थापना

जोडलं. चौरसिया स्वतः आला. मी शेवटपर्यंत भिंग घेऊन शेजारी. वैतागला बिचारा. "पंडितजी, थोड़ा उजाला तो आने दीजिए!" नारळ फोडला, पण मशिनपासून लांब, अंगणात. मग बटण दाबलं. पंख्याची घरघर, पडद्यावर पांढरी अक्षरं. खोटं कशाला लिहू — हात आपोआप जोडले गेले.

यज्ञेशला माझ्या पाया पडायला सांगितलं पद्माने. तो वाकला तेव्हा त्याचे डोळे भरलेले. मला बरं वाटलं. पोराला पंचांगाची कदर आहे.

२७ सप्टेंबर

तरी मी म्हणत होतो!

यज्ञेश काल बँकेत गेला आणि मला धीर निघेना. मुक्ताला म्हटलं, काढ बघू पानं, तुला येतं ना चालवायला? तिने मशिनमध्ये होती ती काढून दिली. कुठल्या कुठल्या महिन्यांची, क्रम नाही. सूर्योदयाचा रकानाही नाही — "तो मागाहून घालणार आहेत, नाना." बरं. मी नमुन्याचे काही दिवस हाताने काढून ठेवलेत, त्यांच्याशी ताडून पाहिलं.

चूक! सगळ्या तिथी चूक! आपण तिथी मोजतो ती सूर्योदयापासून, घटका-पळांत. मशिनची कुठे दीड घटका कमी, कुठे दोन, कुठे एकच. दीड घटका म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त! असं पंचांग छापलं तर लोकांच्या एकादश्या हलतील. घरोघरचे पितर उपाशी राहतील माझ्या नावाने!

यज्ञेशला संध्याकाळी पानं दाखवली. त्याचं तोंडच उतरलं. मुक्ताकडे बघितलं त्याने, मग माझ्याकडे. "स्थळ कोणतं घातलंयस?" मी विचारलं. "स्थळ बरोबर आहे, नाना. मशिनचंच असेल काहीतरी."

पोरगा पहिल्यांदाच वाद न घालता माझ्याशी सहमत झाला. ती फिकी अक्षरं! घासलेली चिप! मला पहिल्या दिवशीच वास आला होता.

३० सप्टेंबर

काल चौरसियाला फैलावर घेतलं. मशीन त्याच्या दुकानात, मी समोर स्टुलावर. शपथा घेतल्या, बाबा विश्वनाथाला मध्ये घातलं. पण चिप बदलून दिली. बदलली कसली, माझ्या देखत उपटून दुसरी बसवली.

घरी आणून यज्ञेशने रात्रीच नवी पानं काढली. आज सकाळी ताडली. जुळलं! एखाद्या पळाचा फरक, तो तर दोन माणसांच्या गणितातही पडतो.

डोळे गेले तरी नजर गेलेली नाही. पद्माला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगू लागलो तर म्हणाली, "कळलं हो, पकडलंत त्याला!"

३ ऑक्टोबर, दसरा

मशिनची पूजा केली. झेंडूची माळ, वर आपट्याचं पान. ताम्हन त्यावर ठेवू दिलं नाही मुक्ताने. यज्ञेशचं पूजेत लक्ष नाही. बँकेत काम फार आहे म्हणतो.

५ ऑक्टोबर

चौरसिया दारात! सोन्यासारखी चिप मी बदनाम केली म्हणतो. ती काढलेली चिप त्याने दुसऱ्या मशिनमध्ये बसवून पाहिली, हिशेब सगळे बरोबर. "एक भी गलती निकाल दीजिए पंडितजी, दुकान बंद कर दूँगा।"

म्हटलं, निकाल देता हूँ! ती पहिली चुकीची पानं आहेत माझ्याकडे. महिन्यांप्रमाणे लावतो, प्रत्येक चूक मांडून दाखवतो. नाक कापून हातात देतो!

८ ऑक्टोबर, कोजागिरी

हे काय आहे?

पानं महिन्यांप्रमाणे लावली. चैत्रात फरक दीड घटका. वैशाखात वाढतो. ज्येष्ठ-आषाढात पुऱ्या दोन. मग उतरत उतरत पुन्हा दीड, आणि पौषात जेमतेम एक. तिथून परत चढायला लागतो.

मोडक्या चिपेला ऋतू कळत नाहीत. हे कळतं फक्त सूर्याला. म्हणजे चिप ठीक होती. मशीनही ठीक होतं. गणित मुळात बरोबर होतं, पण काशीच्या सूर्योदयाचं नव्हतं.

मग आलं लक्षात — उज्जैन! जुने ग्रंथ उज्जैनच्या रेषेवरून मोजतात. पोराने तिथून सुरुवात केली असणार आणि काशी घालायला विसरला असणार. नंतर चूक ध्यानात आली, पण मला सांगायची लाज वाटली आणि खापर चिपेवर जाऊ दिलं. गाढव आहे! पण मनाचा हळवा. उद्या उज्जैनने करून बघतो. चौरसियाची माफी मागायला हवी, ती दिवाळीआधी मागून टाकू.

९ ऑक्टोबर

उज्जैन नाही.

उज्जैनने पौषातला आकडा जवळ येतो, ज्येष्ठाचा येतच नाही. ते काशीहून पश्चिमेला, पण दक्षिणेला फार नाही. हिवाळा-उन्हाळ्यात एवढा फरक पडायला गाव खूपच दक्षिणेला हवं. पश्चिमेलाही हवंच.

नागपूर घालून पाहिलं. नाही. आणखी पश्चिमेला जावं लागतंय.

एक गाव मला सुचतंय. सकाळपासून सुचतंय. पण ते मांडून पाहायला हात धजत नाही. देवा, चौरसिया खोटा निघू दे. चिप घासलेलीच असू दे!

१० ऑक्टोबर

पुण्याचा सूर्योदय घेऊन ज्येष्ठाचं पान हाताने काढलं. जुळलं.

मुक्ता तांदूळ निवडत होती. म्हटलं, "पुण्याला कधी?" तिने सूप खाली ठेवलं. मग रडायला लागली. "यांच्या बदलीची ऑर्डर आलीय, नाना. दिवाळीनंतर. दादा तिकडे यांचं पुण्याचं पंचांग छापणार आहे; मी तुम्हाला काढून दिली ती त्याचीच पानं, काशीची यांनी नंतर काढली. तुम्हाला सांगायचं कसं, तेच कळत नव्हतं हो."

महिनाभर मी जगावर संशय घेतला. पोरगा चार पैसे खातो की काय, इथपर्यंत घेतला. तो जाईल, हा एवढा एक संशय मला आला नाही.

पद्माने विचारलं, "सापडलं का हो कारण?" म्हटलं, सापडलं. चिप चांगली होती, मशीन उत्तम आहे. "बाई, सुटलो एकदाचे!" म्हणाली, आणि देवापुढे साखर ठेवली.