ओळंब्यात उभी

४ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. हल्ली शिर सतत खालीच असतं, त्यामुळे नमस्कार आपोआप घडतो.

कालच लिहायला बसले होते, पण खालून एक माणूस सायकलवर भलामोठा आरसा घेऊन चालला होता. तो फुटतो का ते बघायला चौकापर्यंत गेले. नाही फुटला.

तर मुद्दा असा. कसरतवाल्या मंडळीत मी अजून टिकून आहे. सकाळी तंबू शिवते, दुपारी गोदामात शिकते. तीस तारखेला परीक्षा आहे. कशाचाही आधार न घेता, तीस आकडे होईपर्यंत हातांवर उभं राहायचं. जमलं तर खेळात जागा. नाहीतर मंडळी दौऱ्यावर आणि मी घरी. भिंतीला टाचा टेकवून मी शंभरापर्यंत राहते हो! भिंत सोडली की सहाव्या आकड्याला पाठीवर धप्प. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, मनात भीती आहे. मला कशाचीच भीती वाटत नाही, तुमच्या पत्राची सोडून. फोटो पाठवतेय. हसू नका.

लोभ असावा, राग निम्मा केलात तरी चालेल.
तुमची भिंगरी

१० एप्रिल

चि. भिंगरीस,
गवंडी बापाचे भरपूर आशीर्वाद.

फोटो मिळाला. तुझी आई म्हणाली, पोरीचे तळपाय किती काळे झालेत. मी म्हणालो, वर धरले म्हणून दिसले तरी.

शिवणाचा क्लास सोडलास, बेकरी सोडलीस, बसची तिकिटं फाडणं तर चार दिवसांत सोडलंस. आता हेही सोडून ये, असं लिहिणार होतो. पण फोटो बघत बसलो आणि जेवण गार झालं.

छताला दिवा लोंबतोय, त्याची वायर बघ. ओळंब्याच्या दोऱ्यासारखीच ती, सरळ म्हणजे सरळ. फोटोवर पट्टी ठेवून पाहिलं. वायर सरळ आहे, भिंत नाही. वरच्या अंगाला ती तुझ्यापासून लांब कललीय. तू तिला टाचा टेकवतेस, म्हणजे तूही तेवढीच कलतेस, आणि अंगाला आता तेच सरळ वाटतं. मग भिंत नसली की पाठीवर पडशील नाहीतर काय! भीतीबिती काही नाही, भिंतीत खोट आहे. पण फोटोही फसवतो. दोऱ्याला नट बांध आणि स्वतः मोज.

आई विचारते, वेळेवर जेवतेस ना? सरळ बसून जेव म्हणते.

कळावे; न कळल्यास पुन्हा विचारावे.
बाबा

१६ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. आज मुद्दाम उभी राहून, पायांवर.

मोजलं! वर भिंतीपासून चार बोटं लांब धरलेला दोरा खाली भिंतीला टेकला. बाईंना दाखवलं. त्या बारा वर्षं याच भिंतीवर शिकवताहेत, आणि बारा वर्षं सगळे पाठीवरच पडताहेत. त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. तुमच्या हातचा चहा प्यायला येणार म्हणतात. तुम्हाला चहा येत नाही हे मी सांगितलं नाही.

पण बाबा, पंचाईत अशी की खरं सरळ आता मला वाकडं वाटतं. कधी पोटाकडे कोसळते, कधी पाठीकडे. पाठीकडे जायला लागलं की बोटांची टोकं जमिनीत रोवायची, पोटाकडे गेलं की मनगटाजवळचा तळवा दाबायचा. तीनशे वेळा पडले असेन. काल अकरा आकडे. चौदा दिवस उरलेत. होईल का?

लोभ आहेच, थोडा जास्त पाठवा.
भिंगरी

२२ एप्रिल

चि. भिंगरीस, आशीर्वाद, आईचे वेगळे.

मनगटं शेकत जा. नवीन वीट बसवली की लगेच तिच्यावर उभं राहत नाहीत, तिला दम खाऊ देतात. एक दिवस सुट्टी घे.

खोटं कशाला बोलू, तू नापास व्हावीस आणि घरी यावीस असं मला महिनाभर वाटत होतं. आता वाटत नाही. कामावरची माणसं रोज विचारतात, आज किती आकडे? मुकादम तर मला उलटा उभा राहा म्हणाला. त्याचं डोकं फिरलंय.

कळावे, आकड्यासह.
बाबा

३० एप्रिल

ती. बाबांस, ती. आईस,
शि. सा. न., उडी मारून!

झालं! जागा मिळाली! गोदामाच्या मधोमध, चारी भिंती लांब. माझ्याआधी दोघं पडले. मी वर गेले. सहाला पाय किंचित हलले, बोटांनी धरलं. पंधराला घाम नाकावरून डोळ्यांत. वीसनंतर मात्र काही करावंच लागलं नाही. मनगट, खांदा, कंबर, टाच, सगळं एकावर एक आपोआप बसलं होतं. बाईंनी तीस म्हटलं, टाळ्या झाल्या, आणि त्या म्हणाल्या, उतर आता.

मी ऐकलं होतं. पण बाबा, तुम्हाला ठाऊक आहे मी कशी आहे. आयुष्यात पहिल्यांदाच मला एखाद्या जागेवरून निघावंसं वाटत नव्हतं. म्हणून तिथेच राहिले, त्रेपन्नापर्यंत.

लोभ वाढता ठेवा, पत्ता आता बदलता राहील.
तुमची भिंगरी