तुम्ही न घेतलेली बंदूक

चँडलर, दिवाळीचा पाडवा

अहो,

आज पाडवा आहे, पण त्यासाठी लिहायला बसलेले नाही. काल संध्याकाळी मी आपल्या किचनमध्ये प्रभाकरभावजींवर बंदूक रोखली. हो, आपल्याच प्रभाकरभावजींवर, तुमच्या जिवलग मित्रावर! सकाळपासून घरात येरझारा घालतेय. चहा उतू गेला, तो पुसायचंही सुचलं नाही. ऑफिसला बरं नाही म्हणून कळवलंय. हे सांगू कुणाला? तुम्हालाच सांगायला हवं, कारण सुरुवात तुमची आहे.

आठवतं ना? बिल, तुमच्या प्लँटमधला तो ताडमाड माणूस, तुम्हाला एका शनिवारी वाळवंटातल्या त्या क्लबात घेऊन गेला. तिथे मशीन मातीच्या केशरी थाळ्या हवेत भिरकावतं आणि माणसं त्या शॉटगननं फोडतात. तुम्ही घरी आलात ते खांदा चोळत आणि दात काढत. "सुमन, काय मजा येते अगं! एकदा तू पण चल." मी म्हटलं, मला धुणं आहे.

मग मागच्या गल्लीत भरदिवसा घरफोडी झाली आणि तुमच्या डोक्यानं घेतलं: एकच बंदूक घ्यायची, तीच थाळ्या फोडेल, तीच घर राखेल. झालं! जेवताना तेच, गाडीत तेच. थाळ्यांना नळी लांब हवी, म्हणजे बंदूक सरळ एका लयीत फिरते. घरात लांब नळी दाराच्या चौकटीला आपटते, तिथे आखूड हवी. दोन नळ्यांची बंदूक देखणी, पण दोन बार झाले की संपलं. पंपाची, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे करून बार भरायची, ती दिसायला ओबडधोबड, पण तिची नळी काढून दुसरी लावता येते. आणि ते गेज! आकडा वाढला की नळी बारीक होते, हे मला समजावताना तुम्ही माझं लाटणं आणि मंजिरीची पेन्सिल घेऊन बसला होतात. पोळी तव्यावर करपली. मी म्हटलं, "कांदा चिरताना बोट कापून घेणारा माणूस बंदूक घेणार म्हणे!" तुम्ही हसलात. मंजिरी हसली नाही. "बाबा, प्लीज, नो गन्स," एवढंच म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

आणि ठरवलंत का शेवटी? डोंबल! साधा मिक्सर घ्यायचा तर तुम्ही सगळ्या दुकानांतली पत्रकं आणून टेबलावर मांडायचात. बारा गेज का वीस, पंप का दोन नळ्या, यातच वसंत आला, आणि एका सकाळी प्लँटच्या पार्किंग लॉटमध्ये तुम्ही छाती धरून खाली बसलात ते उठलाच नाहीत. असं सगळं अर्धवट टाकून कुणी जातं का हो?

तुम्हाला ठाऊक नाही, उन्हाळ्यात आपल्याकडे चोर आला. मी ऑफिसात होते, मंजिरी मैत्रिणीकडे. मागच्या अंगणाकडचं पॅटिओचं दार उचकटून आत शिरला. व्हीसीआर नेला, माझ्या बांगड्या नेल्या. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. पण मेल्यानं सामान भरायला तुमच्या उशीची खोळ काढली! तिला तुमच्या तेलाचा वास होता. मी ती मुद्दाम धुतली नव्हती. पोलिसांना सांगताना बाकीचं सगळं सांगितलं, तेवढंच सांगता आलं नाही.

तेव्हापासून मला घरात चैन नाही. दारं पाहायची, खिडक्या पाहायच्या, परत दारं. फ्रीज गुरगुरला तरी दचकायचं. मंजिरी म्हणायची, "आई, सिट डाउन, यू आर मेकिंग मी नर्व्हस." बसायची मी, आणि लगेच उठायची. शेवटी बिलला फोन केला. म्हटलं, माझ्यासाठी बंदूक घ्यायला चल.

दुकानदारानं विचारलं, "हजबंडसाठी का?" मी म्हटलं, "नाही, माझ्यासाठी. हजबंड अजून ठरवताहेत." बिलनं चमकून माझ्याकडे पाहिलं. दुकानदाराला काय कळणार, त्यानं आधी बारा गेजची दिली. ती उचलतानाच माझी कंबर वाकली. दुसरीचा दस्ता इतका लांब, की गाल टेकवायला मान बगळ्यासारखी काढावी लागली. तेव्हा समजलं, महिनोन्महिने तुम्ही जी बंदूक निवडत होतात ती तुमच्या खांद्याची होती. माझ्या खांद्याचा विचार तुमच्या एकाही पत्रकात नव्हता! वीस गेजची, पंपाची, आखूड दस्त्याची घेतली. खोक्यात दोन नळ्या, एक लांब, एक आखूड. शनिवारी लांब लावायची, घरी आलं की आखूड. तुमचं सगळं घोडं जिथे अडलं होतं ते मी एका दुपारी उरकलं. जरा चिडा की आता!

मंजिरी माझ्याशी बोलेना. खंडेनवमीला मी बंदूक पाटावर ठेवली, तुमच्या स्लाइड रूलशेजारी, आणि हळदकुंकू वाहिलं. अक्षता नळीत जाऊ नयेत म्हणून तिच्या तोंडाला फडकं बांधलं होतं. ते पाहून पोरगी पहिल्यांदा फिसकन हसली. "आई, इट लुक्स लाइक इट हॅज अ टूथेक." मग दुसऱ्या शनिवारी स्वतःच गाडीत येऊन बसली.

तुम्हाला एक सांगू? रागावू नका. मला ते फार आवडलं. थाळी सोड म्हणून मशीनवाल्याला "पुल" असं ओरडून सांगायचं, तर पहिल्यांदा माझ्या तोंडून आवाजच फुटेना. पण एकदा थाळी फुटली, केशरी भुगा आकाशात उडाला, आणि मी ओरडले, चक्क ओरडले! तुम्ही गेल्यापासून मी इतक्या मोठ्यानं रडलेही नव्हते. बिल म्हणतो माझा हात उपजत आहे. थाळी दिसली की विचार करायचा नाही, बंदूक गालाला, नजर थाळीवर, चाप. विचार केला की थाळी निसटते. मी विचार करत नाही. मराठी मंडळातल्या एका काकूंनी विचारलंच, "वर्षही झालं नाही, शोभतं का हे?" मी म्हटलं, शोभत नसेल, पण शनिवारी रात्री मला झोप लागते.

घरी आल्यावर मी आखूड नळी लावायचे, काडतुसं भरायचे आणि बंदूक झाडूच्या कपाटात उभी करायचे. मंजिरीला तिकडे फिरकायची बंदी. वाटायचं, झाली सोय. दोन्ही कामं एकीत, अगदी तुम्ही म्हणत होतात तश्शी.

आता कालचं. आपल्याकडे यंदा फराळ करायचा नाही, म्हणून लोक आणून देताहेत. भावजींच्या नलिनीनं त्यांच्याच हाती डबा पाठवला. मी हॉलमध्ये व्हॅक्यूम करत होते. त्यांनी बेल वाजवली असेल, हाका मारल्या असतील, मला कुठलं ऐकू यायला! मग त्यांनी तुळशीच्या कुंडीखालची गराजची किल्ली काढली. ती तिथे असते हे अख्ख्या चँडलरमधल्या मराठी माणसांना तुम्हीच सांगून ठेवलंय ना? "आपलंच घर समजा, न विचारता या!" चोर आल्यावर मी पॅटिओला दांडा लावला, बंदूक आणली, पण ती किल्ली हलवायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आपली माणसं कुठे थांबतील, असं वाटायचं.

मी व्हॅक्यूम बंद केला आणि गराजमध्ये खुडबुड ऐकली. हळू, अगदी चोरपावलांची. कपाट उघडलं, पंप मागेपुढे केला. गराजमधून किचनमध्ये येणारं दार उघडलं आणि मागच्या उजेडात एक काळी आकृती आत सरकली. अहो, माझ्या हातांनी मला विचारलंच नाही! बंदूक गालाला आली, नजर आकृतीवर, बोट चापाशी. शनिवारी येते तशी, त्याच लयीत.

आणि का कुणास ठाऊक, माझी नजर खाली गेली. पायात मोजे होते. एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला.

चोर बूट काढून येतो का हो घरात? गराजमध्ये खुडबुड कसली, तर भावजी वाकून बुटांचे बंद सोडत होते! त्यांच्या हातून डबा सुटला. चकल्यांचा चुरा झाला, लाडू डिशवॉशरखाली घरंगळले. "वहिनी, मी आहे, मी," एवढंच ते म्हणत राहिले. मला बंदूक खाली घेता येईना, हात आखडले होते. त्यांनीच पुढे येऊन नळी भिंतीकडे वळवली.

तुम्ही असता तर इथे म्हणाला असतात, जाऊ दे, काही झालं नाही ना? थांबा. भावजींच्या मागे मंजिरी होती.

तिची बँडची प्रॅक्टिस कॅन्सल झाली होती. वाटेत भावजींना ती शाळेबाहेर दिसली, म्हणून त्यांनी गाडीत घेतलं. ती त्यांच्या पाठीला चिकटून, वाकून उभी होती, मला दिसलीच नाही. भावजी तिला सोफ्यावर बसवून तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. आपल्यावर नळी रोखली गेली होती हे ते विसरूनच गेले, आणि मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.

ते गेल्यावर मी तिला विचारलं, "अगं, पण तू मागे लपून का उभी होतीस?" मग पायाकडे बघत म्हणाली, "तू रोज किती घाबरलेली असतेस, आई. आय जस्ट वाँटेड टू मेक यू लाफ. काका आत गेले की मी उडी मारून भॉक करणार होते. बाबा करायचे तसं."

भॉक! म्हणजे भावजींच्या मागून एकदम काहीतरी बाहेर उसळलं असतं. आणि असं उसळून आलेलं मी चुकवत नाही हो. बिलला विचारा.

आज सकाळी बिलला बोलावून बंदूक त्याच्या घरच्या तिजोरीत पाठवली. आखूड नळी परत करायला सांगितली. तुमचं म्हणणं खरं होतं, एक बंदूक दोन्ही कामं करते. हात मात्र एकच काम शिकतात, आणि माझे थाळ्यांचं शिकलेत. कुंडीखालची किल्लीही काढली. आता सगळ्यांना बेल वाजवून थांबावं लागेल, कुरकुरतील, कुरकुरू देत. भीती गेलेली नाही. हे लिहिताना दोनदा उठून दार पाहून आले. कदाचित ती जाणारही नाही.

पण वचन देते. शनिवारी मी जाईन, थाळ्या फोडीन, ओरडेन, आणि बंदूक तिथेच बिलच्या हाती देऊन येईन. या घरात ती पुन्हा येणार नाही. आणि मंजिरी शाळेतून आली की मी तिला सांगणार आहे, कर भॉक, रोज कर. मी दचकेन, किंचाळेन, तुझ्या पाठीत धपाटा घालीन, आणि मग तुला घट्ट धरून ठेवीन.

तुमची,
सुमन